पार्वो आणि सोळावा आठवडा

पिल्लाला पार्वोची लस तीनदा टोचली की काम झाले, असा समज घरोघर आढळतो. कार्डावर तीन स्टिकर लागलेले असतात, खाली सही-शिक्का असतो, आणि तरीही चौथ्या महिन्यात पिल्लू रक्ताचे जुलाब करू लागते. मग लस बनावट होती की डॉक्टरांचे काही चुकले, अशी चर्चा सुरू होते. पुष्कळदा कारण वेगळेच असते: शेवटचा डोस फार लवकर दिलेला असतो. पार्वोच्या बाबतीत डोस किती झाले याहून शेवटचा डोस मिळाला तेव्हा पिल्लू किती आठवड्यांचे होते, याला जास्त महत्त्व आहे. असे का, ते कळायला आधी विषाणू आणि मग आईचे दूध समजून घ्यावे लागते.

कुत्र्यांमधला पार्वो हा तसा नवा रोग. १९७८ मध्ये जगाच्या वेगवेगळ्या भागांत कुत्री अचानक उलट्या-जुलाबांनी मरू लागली, तेव्हा तो पहिल्यांदा ओळखला गेला, आणि पुढच्या सुमारे दोन वर्षांत तो सगळीकडे पोहोचला. साठवून ठेवलेले जुने रक्तनमुने नंतर तपासले गेले, तेव्हा युरोपात १९७०च्या दशकाच्या मध्यापासूनच त्याचा वावर असल्याचे दिसले. मांजरांना पॅनल्यूकोपेनिया नावाचा जीवघेणा आजार होतो. त्याचा विषाणू आणि पार्वोचा विषाणू ही जवळची भावंडे आहेत. विषाणूच्या बाहेरच्या कवचातल्या प्रथिनात मोजके बदल झाले आणि त्याला कुत्र्याच्या पेशींना चिकटण्याची जागा सापडली. कॉर्नेल विद्यापीठातले कॉलिन पॅरिश यांचे अनेक वर्षांचे संशोधन या बदलांवरच आहे. कुत्र्यांमध्ये आणखी एक, सौम्य स्वरूपाचा पार्वो विषाणू १९६७ पासून माहीत होता, म्हणून या नव्याला ‘टाइप २’ म्हणतात. पुढे त्याचीही रूपे बदलली. १९८०च्या सुमारास २ए, १९८४ मध्ये २बी आणि २००० मध्ये इटलीत २सी सापडले. भारतात या रोगाची नोंद १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झाली.

पहिल्या लाटेत अनर्थ झाला, कारण जगातल्या एकाही कुत्र्याच्या शरीराला हा विषाणू ओळखीचा नव्हता. लहान-मोठी सगळीच आजारी पडली. जेमतेम काही आठवड्यांची पिल्ले तर जुलाब न होताच, हृदयाचे स्नायू निकामी होऊन, खेळता खेळता मरून पडत. आज हृदयाचा हा प्रकार क्वचित दिसतो. बहुतेक माद्यांच्या रक्तात आता पार्वोविरुद्धची प्रतिपिंडे असतात आणि पहिल्या काही आठवड्यांत तीच पिल्लांचे रक्षण करतात. त्या काळात हाताशी दुसरे काही नव्हते, म्हणून पशुवैद्यांनी मांजरांची पॅनल्यूकोपेनियाची लस कुत्र्यांना टोचून पाहिली. तिने थोडाफार आधार दिला, पण तो टिकाऊ नव्हता. कॉर्नेलच्याच बेकर इन्स्टिट्यूटमध्ये लेलँड कार्मायकेल आणि मॅक्स अॅपेल यांनी मग खुद्द कुत्र्याच्या विषाणूपासून लस तयार केली. प्रयोगशाळेत पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून विषाणूची रोग करण्याची ताकद काढून घ्यायची, पण शरीराने त्याला शत्रू म्हणून ओळखावे इतके रूप मात्र राखायचे, असे तिचे तत्त्व होते. आज वापरात असलेल्या बहुतेक लसी याच तत्त्वावरच्या, म्हणजे जिवंत पण निःसत्त्व केलेल्या विषाणूच्या आहेत. त्या नव्या रूपांविरुद्धही उपयोगी पडतात. जुन्या रूपाची लस २सीपुढे चालत नाही, ही भीती प्रयोगांमध्ये खरी ठरलेली नाही.

विषाणू अगदी लहान, सुमारे २५ नॅनोमीटरचा. त्याच्याभोवती चरबीचे वेष्टण नसते आणि त्याच्या चिवटपणाचे मूळ यातच आहे. साबण, स्पिरिट, सॅनिटायझर हे ज्या विषाणूंना मारतात, त्यांच्यात बहुधा हे वेष्टणच फोडतात. पार्वोला ते नसल्यामुळे या वस्तूंचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. सावलीतल्या ओलसर मातीत, अंगणाच्या कोपऱ्यात, जिन्याखाली तो कित्येक महिने, अनुकूल जागी वर्षभरसुद्धा टिकतो. आजारी कुत्र्याच्या एक ग्रॅम विष्ठेत अब्जावधी विषाणू असू शकतात आणि नव्या पिल्लाला बाधा व्हायला त्यांतला अत्यल्प अंश पुरतो. म्हणून दोन कुत्र्यांची गाठ पडायलाच हवी असे नाही. चप्पल, गाडीचे टायर, खाण्याचे भांडे, साखळी, सफाईचा झाडू, माणसाचे हात यांवरून तो घरात येतो. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून कधीच खाली न उतरलेल्या पिल्लालाही पार्वो होतो, तो असा. माणसाला मात्र या विषाणूची बाधा होत नाही. माणसांचा पार्वोविषाणू निराळा आहे आणि तो कुत्र्यांकडून येत नाही.

शरीरात शिरल्यावर हा विषाणू जिथे पेशी भराभर विभागत असतात, अशा जागा शोधतो, कारण स्वतःची वाढ करायला त्याला विभागणाऱ्या पेशीचीच यंत्रणा लागते. आतड्याच्या अस्तरातल्या खोल खाचा, अस्थिमज्जा आणि लसिका ग्रंथी ही त्याची मुख्य ठिकाणे. आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होत असते. नवे येणे थांबले आणि जुने गळून पडले की आतडे उघडे पडते. अन्न-पाणी शोषले जात नाही, रक्त झिरपते आणि आतड्यातले जिवाणू थेट रक्तात शिरतात. त्याच वेळी अस्थिमज्जेवरही हल्ला झालेला असतो, त्यामुळे या जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. पिल्लू मरते ते पाणी आटून, क्षार ढळून आणि रक्तात जंतू पसरून. बाधेनंतर साधारण तीन ते सात दिवसांत पहिली लक्षणे दिसतात: पिल्लू मलूल होते, खाणे सोडते, ताप येतो, मग उलट्या आणि उग्र वासाचे, बहुधा रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. जुलाब सुरू होण्याच्या आधीपासूनच विष्ठेतून विषाणू बाहेर पडू लागलेला असतो.

पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात संरक्षण जवळजवळ नसतेच. जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत आईच्या चिकातून प्रतिपिंडे त्याच्या आतड्यांमार्गे रक्तात जातात. आतड्याचा हा मार्ग त्यानंतर बंद होतो. किती मिळाले, हे आईच्या रक्तात मुळात किती होते आणि पिल्लाने पहिल्या दिवशी किती चीक ओढला, यावर ठरते. एकाच वेताच्या सहा पिल्लांमध्येही फरक पडतो. सगळ्यांत दांडगे पिल्लू भरपूर पिते, मागे रेटले गेलेले थोडक्यावर राहते. आईकडून आलेला हा साठा पिल्लू स्वतः वाढवू शकत नाही. तो दर नऊ-दहा दिवसांनी जवळपास निम्मा होत जातो.

अडचण इथेच आहे. आईची प्रतिपिंडे रोगाचा विषाणू आणि लसीतला विषाणू यांच्यात भेद करत नाहीत. रक्तात ती पुरेशी असली की लसीतला विषाणू वाढण्याआधीच निकामी होतो आणि पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागीच होत नाही. सुई टोचली, स्टिकर लागला, पण लसीकरण झाले नाही. याहून अवघड गोष्ट म्हणजे प्रतिपिंडे घटत जाताना एक असा टप्पा येतो, जेव्हा ती रोगाला रोखायला अपुरी पडतात पण लसीला अडवायला पुरेशी असतात. हा टप्पा काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत चालतो आणि त्या काळात पिल्लाला ना आईचे संरक्षण असते, ना लसीचे. कोणत्या पिल्लात तो केव्हा सुरू होईल, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. कमी चीक मिळालेल्या पिल्लात सहाव्या आठवड्यातच वाट मोकळी होते, तर काहींमध्ये बाराव्या आठवड्यानंतरही आईची प्रतिपिंडे लस अडवत राहतात.

पिल्लाला ओळीने डोस का द्यायचे, याचे उत्तर यात आहे. पहिला डोस पाया, दुसरा मजबुती आणि तिसरा पक्का, अशी पायऱ्यांची कल्पना पालकांच्या मनात असते. जिवंत विषाणूच्या लसीला ती लागू पडत नाही. ही लस एकदा नीट रुजली की त्या एका डोसानेही भक्कम संरक्षण मिळते. डोस पुन्हा पुन्हा देतात, कारण यांतला कोणता रुजेल हे आधी माहीत नसते. रात्री अनोळखी घराचे दार उघडायला जुडग्यातली एकेक किल्ली लावून पाहावी, तसा हा प्रकार आहे. म्हणून वेळापत्रकातला शेवटचा प्रयत्न, आईची प्रतिपिंडे जवळपास सगळ्याच पिल्लांमधून गेलेली असतील अशा वयात होणे अत्यावश्यक आहे, आणि ते वय म्हणजे सोळा आठवडे.

लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची जागतिक संघटना वासावा हिच्या मार्गदर्शक सूचना याच तर्कावर उभ्या आहेत. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी एक, आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर. म्हणजे सहाव्या आठवड्यात सुरुवात केली आणि दर तीन-चार आठवड्यांनी डोस दिला, तर साधारण सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यात मिळून चार डोस होतात. सहा, नऊ आणि बारा आठवड्यांवर थांबलेले कार्ड पूर्ण दिसते, पण पूर्ण नसते. दोन डोसांमध्ये दोन आठवड्यांहून कमी अंतर मात्र ठेवत नाहीत. सोळा आठवड्यांनीही मोजक्या पिल्लांत आईची प्रतिपिंडे उरू शकतात. म्हणून पूर्वी वर्षभराने दिला जाणारा पुढचा डोस आता सहा महिन्यांच्या सुमारास, सव्विसाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर लगेच द्यावा, असे सुचवले जाते. तोवर ज्या पिल्लात लस रुजलेली नसेल, त्याला उगाच आणखी सहा महिने उघडे का ठेवायचे? संसर्ग सतत फिरत असलेल्या निवाऱ्यांमध्ये डोस चार ते सहा आठवड्यांच्या वयापासून सुरू करून विसाव्या आठवड्यापर्यंत देतात. चार आठवड्यांहून लहान पिल्लाला आणि गाभण मादीला जिवंत विषाणूची लस देत नाहीत.

सहा महिन्यांनंतरचे वेळापत्रक सोपे आहे. पार्वो, डिस्टेंपर आणि अॅडिनोव्हायरस यांच्या जिवंत लसींचे संरक्षण वर्षानुवर्षे टिकते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे रोनाल्ड शुल्ट्झ यांच्या अभ्यासांत ते किमान सात वर्षे टिकल्याचे दिसले. म्हणून मोठ्या कुत्र्याला या तीन लसी तीन वर्षांच्या आत पुन्हा देण्याची गरज नाही, अशी आताची शिफारस आहे. आपल्याकडे दरवर्षी ‘सेव्हन इन वन’ किंवा ‘नाइन इन वन’ टोचले जाते, त्याचे एक कारण त्यात असलेली लेप्टोस्पायरोसिसची लस आहे. ती वर्षभरच टिकते, आणि पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या कोकणात, मुंबईत ती टाळणे शहाणपणाचे नाही. रेबीजची लस वेगळी. ती साधारण तिसऱ्या महिन्यात देतात आणि पार्वोपासून ती अजिबात वाचवत नाही. ‘कुत्र्याचे इंजेक्शन झाले आहे’ असे सांगणाऱ्या घरात फक्त रेबीजचे झालेले असते, हे पशुवैद्यांना वरचेवर आढळते.

सोळा आठवडे पाळूनही लस वाया जाऊ शकते, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा उष्णतेचा. जिवंत विषाणूची लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. ती वाळवलेल्या पुडीच्या रूपात येते, सोबतच्या द्रवात विरघळवल्यावर लगेच टोचायची असते. एप्रिल-मे महिन्यात दुकानातून घरी आणि घरून दवाखान्यात प्लास्टिकच्या पिशवीतून नेलेली लस, किंवा वीज गेल्यावर तासन् तास बंद फ्रिजमध्ये पडून राहिलेली लस, दिसायला चांगल्या लसीसारखीच दिसते. म्हणून लस दवाखान्यातल्या फ्रिजमधून थेट घ्यावी, विकत आणून कोणाकडून तरी टोचून घेऊ नये. पॉमेरेनियन किंवा पगसारख्या लहान जातीच्या पिल्लाला अर्धा डोस देण्याची प्रथाही चुकीची आहे. लस वजनावर मोजायची नसते, चिवावा असो की सेंट बर्नार्ड, एक पूर्ण डोस द्यावा लागतो. ताप असलेले किंवा आजारी पिल्लू बरे होईपर्यंत थांबावे. नीट साठवलेली लस योग्य वयात मिळूनही जन्मजातच प्रतिसाद न देणारी कुत्री असतात, पण ती पार्वोच्या बाबतीत हजारात एखादे. कुत्र्यामध्ये संरक्षण आले की नाही, हे रक्तातली प्रतिपिंडे तपासून पाहता येते. शेवटच्या डोसानंतर चार आठवड्यांनी केलेली ही चाचणी विश्वासार्ह असते.

लसीच्या धोक्याची धास्ती काही घरांत रोगाहून मोठी असते. एक-दोन दिवस मरगळ, किंचित ताप, टोचल्या जागी गाठ, इतके बऱ्याच पिल्लांना होते. चेहरा सुजणे, अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, उलट्या होणे ही अॅलर्जीची खूण आहे. ती बहुधा पहिल्या काही तासांत दिसते आणि तेव्हा लगेच दवाखाना गाठावा. अमेरिकेत १२ लाखांहून अधिक लसीकरण झालेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर १०,००० कुत्र्यांमागे सुमारे ३८ जणांना तीन दिवसांत काही ना काही त्रास झाल्याचे आढळले आणि त्यातला बहुतांश सौम्य होता. उपचार न मिळालेल्या पार्वोत मात्र दहातली नऊपर्यंत पिल्ले दगावू शकतात.

निदानासाठी विष्ठेची झटपट किट दवाखान्यांत मिळते. लक्षणे ठळक असताना तिचा निकाल ‘नाही’ आला तरी पशुवैद्य रोग गृहीत धरून चालतात, कारण किट कधी कधी चुकते. विषाणू मारणारे सर्वमान्य औषध दवाखान्यात नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये पार्वोविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या एका इंजेक्शनला सशर्त मान्यता मिळाली. इतरत्र उपचार म्हणजे शरीराला तग धरायला मदत करणे: शिरेतून सलाईन, उलट्या थांबवणारी औषधे, जिवाणूंविरुद्ध अँटिबायोटिक, उलटी आटोक्यात आल्यावर थोडे थोडे सहज पचणारे खाणे. दाखल करून हे वेळेवर मिळाले तर दहातली आठ-नऊ पिल्ले वाचतात. उलट्या करणाऱ्या पिल्लाला दही-भात देऊन ‘उद्या बघू’ म्हणण्यात गेलेली रात्र बहुधा सगळ्यांत महाग पडते.

पार्वो झालेले पिल्लू बरे झाले किंवा गेले, तरी घर मोकळे होत नाही. फिनाइल आणि गुलाबी-हिरवी सुगंधी जंतुनाशके येथे कामाची नाहीत. आधी विष्ठेचे सगळे अवशेष साबण-पाण्याने घासून काढायचे, कारण घाण उरली तर ब्लीच तिच्यातच खर्ची पडते. मग कपडे धुण्याचे साधे ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एका भागाला तीस भाग पाणी या प्रमाणात ताजे कालवून फरशीवर ओतायचे आणि दहा मिनिटे तसेच ओले ठेवून पुसायचे. माती, गवत, गादी, लाकडी खोका यांचे असे निर्जंतुकीकरण होत नाही. खोका फेकून द्यावा, बागेवर ऊन पडू द्यावे. अशा घरात नवे पिल्लू आणायचे असेल, तर लस नीट पूर्ण झालेले, सोळा आठवडे पार केलेलेच आणावे. पिल्ले विकण्याबाबतचा कायदाही यात मदतीचा आहे. २०१७ च्या नियमांनुसार परवानाधारक ब्रीडरला आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही महिन्याभराचे पिल्लू ‘पहिला डोस झालेला’ म्हणून हातात ठेवले जाते. त्या वयातला डोस रुजला असण्याची शक्यता फार कमी असते.

डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडून ठेवण्याचा अतिरेकही टाळण्यासारखा आहे. जन्मानंतरचे तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यांपर्यंतचे दिवस माणसे, आवाज आणि इतर कुत्री यांची ओळख होण्याचे असतात. लस झालेल्या, ओळखीच्या कुत्र्यांच्या घरी पिल्लाला कडेवर घेऊन जाता येते. टाळायचे असते ते बागेतले गवत, रस्त्यावरची विष्ठा आणि दवाखान्यातल्या फरशीवर सोडणे.

पाळीव कुत्र्यांच्या लसीकरणाचा परिणाम घराबाहेरही पोहोचतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आयल रॉयल नावाचे बेट आहे. तिथल्या लांडग्यांची संख्या १९८० मधल्या ५० वरून १९८२ मध्ये १४ वर आली. माणसांच्या वावरातून बेटावर आलेल्या पार्वोचे ते काम मानले जाते. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नज माळढोक अभयारण्याच्या परिसरात अबी तमीम वनक, अनिरुद्ध बेलसरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकाट कुत्र्यांचे आणि खोकडांचे रक्त तपासले. बहुतांश कुत्र्यांच्या रक्तात पार्वोविरुद्धची प्रतिपिंडे होती, म्हणजे विषाणू गावकुसाबाहेर कायम फिरत होता आणि कुत्र्यांशी गाठ पडणारी खोकडे त्याच्या आवाक्यात होती.

भटक्या कुत्र्यांसाठी २०२३ मध्ये आलेले प्राणी जन्म नियंत्रण नियम नसबंदी आणि रेबीजची लस सक्तीची करतात, पार्वोची नाही. तेव्हा सोसायटीतल्या मादीला पिल्ले झाली की त्यांचा भार सांभाळणाऱ्यांवरच पडतो. अशा पिल्लांना प्रत्येक वेळी पकडून तीन-चार डोस देणे बहुधा जमत नाही. एकच संधी मिळणार असेल, तर ती सोळाव्या आठवड्यानंतर घ्यावी, कारण त्या वयाला जिवंत विषाणूची नीट साठवलेली एकच लसही बहुतेक पिल्लांत रुजते. दोनदा पकडणे शक्य असेल, तर पहिला डोस सहा-सात आठवड्यांना द्यावा आणि दुसरा सोळाव्या आठवड्यासाठी राखून ठेवावा.